होडीचा आवाज

मामा होडीच्या काठावर लाकडी दांडकं वाजवायचा.
टक् टक्. थांबून, टक्.
मग घशातून पारव्यासारखं एक घुमणं,
आणि मग नुसतं बसून राहणं.
इरावतीचं पाणी त्या वेळी
तांदळाच्या धुवणासारखं,
ना रात्रीचं, ना दिवसाचं.

आधी श्वास यायचा.
कुणी झोपेत उसासा टाकावा तसा.
मग बोथट कपाळ,
मग खाच पडलेल्या कोयत्यासारखा पाठीवरचा पंख.
शेळ्या वळवाव्यात तशी ती मासे वळवून आणायची,
शेपटीनं पाण्यावर एक चापट,
आणि त्याच क्षणी मामाचं जाळं.
आधी नाही, नंतर नाही.
जाळ्याबाहेर उडालेले तिचे.
हा हिशेब कुणी लिहिला नव्हता
आणि कुणाकडे काही बाकी नव्हतं.

हिचं नाव काय, मी लहानपणी विचारलं होतं.
ऊ लून म्हणाला,
नाव दिलं की माणूस दावं शोधायला लागतो.

बॅटरी मी आणली नाही.
ती झॉ टुननं आणली, बंद पडलेल्या ट्रकमधली.
माझी फक्त होडी.
खरं तर तीही मामाची.
दोन तारा पाण्यात सोडायच्या,
की मासे पोट वर करून येतात,
पांढरे, न झगडता,
कंदिलाखाली मोजून घ्या म्हणतात.
पहिल्या रात्री मला हसू आलं होतं.
मामाचे आठ दिवस
एक सिगारेट संपायच्या आत.

तिसऱ्या का चौथ्या रात्री
डाव्या हाताला, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ,
तो श्वास.
दांडकं कुणी वाजवलं नव्हतं.
होडीचं बूड पाणी कसं चाटतं
तेवढ्यावरून तिनं ओळखलं असणार
ही ऊ लूनची होडी.
ती कामावर आली होती.

मी थांब म्हणालो.
म्हणालो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.
झॉ टुनची काठी तोवर पाण्यात होती.

नदी एकदाच शहारली.
मग काही नाही.
मग लांब, पार पलीकडच्या काठाकडे,
एक वाकडा श्वास, शिंकेसारखा.

दुसऱ्या दिवशी मामा वाजवत बसला.
त्याच्या दुसऱ्या दिवशीही.
तीन महिने तो कोरडं जाळं घेऊन घरी आला,
ओलं असल्यासारखं वाळत घालत राहिला.
मला त्यानं काही विचारलं नाही.
मामीनं माझी बोटं नाकाशी धरली,
जळक्या तारेचा वास,
आणि ताटात भात वाढला.
नुसता भात.

मग हिवाळ्यात मामाचा खांदा गेला.
दांडकं माझ्याकडे सरकवून म्हणाला, वाजव.
तिला ऐकू येतं.
यायचं की नाही ते तिचं.

मी चुकीचं वाजवायचो. घाईनं.
कर्जदारानं दार वाजवावं तसं.
दोन टकटकींमधलं थांबणं
हेच खरं वाजवणं,
हे हाताला कळायला आणखी एक हिवाळा गेला.

आज सकाळी
वाळूतून सोनं चाळणाऱ्यांच्या तराफ्यापलीकडे
श्वास.
पंखाला खाच दिसली,
किंवा मला ती दिसायला हवी होती.
मी जाळं उचललं नाही.
तिनं शेपूट मारली नाही.
ती तिथे, मी इथे,
मध्ये तेच पाणी
ज्यात आम्ही तारा सोडल्या होत्या.

मी दांडकं खाली ठेवलं
आणि हात नदीत घातला, कोपरापर्यंत.
पाणी गार होतं.
बराच वेळ तो तसाच ठेवला.